ऊन लागणं आणि वारं जाणं: पोरांचे दोन वेगळे 'स्ट्रोक'

आपल्या जुन्या माणसांकडे दोन स्वतंत्र शब्द होते. पोर उन्हातून येऊन भोवळून पडलं की 'ऊन लागलं', आणि एका बाजूचा हातपाय लुळा पडला की 'अंगावरून वारं गेलं'. आता दोन्हींना स्ट्रोकच म्हणतात. निपाणीहून बेळगावला फोन जातो, "पोराला स्ट्रोक आलाय, घेऊन येतोय." यावरून पलीकडच्याला काय कळणार?

ऊन लागतं तेव्हा बिघाड सगळ्या शरीराचा असतो. घाम पुरा पडत नाही, आतली उष्णता 40 अंशांच्या (फॅरनहाइटमध्ये 104) वर जाते आणि मेंदू शिजल्यासारखा होतो. पोर बरळतं, झटके येतात, शुद्ध हरपते. अथणी-रायबागकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास खेळतो, पण त्यासाठी रानातच असायला हवं असं नाही. पत्र्याच्या खोलीत झोपवलेलं किंवा बंद गाडीत ठेवलेलं तान्हं बाळही सापडतं. लहान अंग लवकर तापतं, आणि बाळाला पाणी मागता येत नाही. इथे पहिलं काम गार करणं: सावली, कपडे सैल, अंगावर गार पाणी, वर वारा, आणि हे करतच दवाखाना. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप संसर्गाचा नव्हे. कांदा फोडून नाकाला लावायची आपली सवय निरुपद्रवी खरी, पण त्यात मिनिटं जातात. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वारं जातं तेव्हा मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथली रक्तवाहिनी फुटते. चेहरा एका बाजूला ओढतो, एक हात उचलत नाही, बोबडी वळते. लहान मुलांत पुष्कळदा सुरुवातच झटक्यांनी होते, आणि घोटाळा नेमका इथे होतो. बिघाड एकाच बाजूला आहे का, हे आधी बघावं. मोठ्यांसारखं रक्तदाबाचं कारण मुलांत क्वचितच असतं. जन्मजात हृदयविकार, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार, कांजिण्यांनंतर वाहिन्यांना आलेली सूज ही तिथली कारणं. इथे गार पाण्याचा काही उपयोग नाही. लक्षण किती वाजता दिसलं ते लिहून घ्या आणि सीटी स्कॅन, एमआरआय असेल त्या ठिकाणी थेट न्या. तेल चोळणं, पारव्याचं रक्त लावणं वगैरे प्रकार अजून चालतात. त्यात सकाळची संध्याकाळ होते, आणि मेंदूचा जो भाग वाचला असता तोही जातो.

मग हवामानाचा आणि वारं जाण्याचा संबंधच नाही का? आहे, पण आडवाटेनं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या बाळाचं रक्त घट्ट होतं आणि मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. थंडीत सर्दी-फ्लू वाढतात. मुलांत अशा संसर्गानंतरच्या काही दिवसांत पक्षाघाताचा धोका थोडा चढतो. तरीही तो दुर्मिळच.

108 ला फोन लावाल तेव्हा स्ट्रोक म्हणून थांबू नका. पलीकडचा कन्नड बोलणारा असला तरी अडचण नाही: 'लकवा' कन्नडातही लकवाच, उन्हाला 'बिसिलू'. अंग तापलंय की एक बाजू गेलीय, एवढं पलीकडच्याला समजलं पाहिजे.