आर्ची मूर

आर्ची मूर हा अमेरिकेचा व्यावसायिक बॉक्सर, लाइट हेवीवेट म्हणजे १७५ पौंडांच्या गटाचा १९५२ ते १९६२ या काळातला जगज्जेता. मूळ नाव आर्चिबाल्ड ली राइट. आईवडील वेगळे झाले, मग सेंट लुईसला नात्यातल्या मूर दांपत्याकडे वाढला आणि त्यांचंच आडनाव लावलं. ‘ओल्ड मंगूस’ हे त्याचं टोपणनाव, आणि इंग्रजीतला मंगूस आपल्या मुंगुसावरूनच गेला असं तिकडचे कोशकार मानतात (मुळात मुंगूस कानडी-तेलुगूकडून आपल्याकडे आला असावा असंही मत आहे).

जन्माचा घोळ मोठा आहे. तारीख १३ डिसेंबर यावर सगळ्यांचं एकमत, पण आई म्हणायची १९१३, गाव मिसिसिपीतलं बेनॉइट, आणि मूर स्वतः सांगायचा १९१६, गाव इलिनॉयमधलं कॉलिन्सव्हिल. हल्लीच्या बऱ्याच नोंदी १९१३ धरतात आणि तेच जास्त पटतं, शेवटी जन्माच्या वेळी शुद्धीवर आई होती. हा वाद किरकोळ नाही, कारण त्याने टायटल जिंकलं ते वयाच्या ३६ व्या वर्षी की ३९ व्या, हे त्यावर ठरतं.

दुसरा वाद नॉकआऊटच्या आकड्याचा. जुन्या रेकॉर्ड बुकांमधून आलेला १४१ हा आकडा बरीच वर्षं चालला, कुठे १४५ पण दिसतो, आणि नंतर जुनी वर्तमानपत्रं चाळून केलेल्या याद्यांमध्ये तो १३१-१३२ वर येतो. फरक पडतो कारण तीसच्या दशकात हे लोक छोट्या गावांच्या हॉलमध्ये लढायचे, निकालाचा पुरावा म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या दोन ओळी, त्यातही लढत खरी की प्रदर्शनीय हे कळत नाही, तारीख चुकली तर एकच लढत दोनदा मोजली जाते. शिवाय रेफ्रीने मध्येच थांबवलेली किंवा कोपऱ्यातून, म्हणजे बॉक्सरच्या मदतनिसांनी, सोडून दिलेली लढतही नॉकआऊटमध्येच धरतात, म्हणजे १३१ माणसं आडवी पडून दहा मोजून झाले असं नाही. कमी आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. तेवढ्यावरसुद्धा तो सर्वाधिक नॉकआऊटवाल्यांच्या अगदी वरच्या रांगेत आहे, फक्त पहिला नंबर म्हणताना ब्रिटनच्या बिली बर्डचं नाव आडवं येतं. एकूण हिशेब साधारण २२० लढती, १८५ च्या आसपास विजय, २३ पराभव, १० बरोबरी.

पण हे रेकॉर्ड नुसतं बेरीज म्हणून वाचू नये. चाळीसच्या दशकातले पराभव बघा, एझर्ड चार्ल्सकडून तीनदा, चार्ली बर्लीकडून, जिमी बिव्हिन्सकडून, म्हणजे ज्यांना टायटलवाले टाळायचे असे तगडे कृष्णवर्णीय बॉक्सर एकमेकांशीच लढत होते. मूरला संधी मिळायला सतरा-अठरा वर्षं लागली. १७ डिसेंबर १९५२ ला सेंट लुईसमध्ये त्याने जोई मॅक्सिमला १५ राऊंडमध्ये पॉइंट्सवर हरवलं, मॅक्सिमला एक लाख डॉलरची हमी होती आणि जिंकणाऱ्या मूरच्या हातात सुमारे ८०० डॉलर पडले असं सांगतात. मॅक्सिमचा मॅनेजर जॅक कर्न्स पुढे मूरचाही मॅनेजर झाला.

२१ सप्टेंबर १९५५, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, समोर हेवीवेट म्हणजे सगळ्यात वजनदार गटाचा जगज्जेता रॉकी मार्सियानो. दुसऱ्या राऊंडला मूरच्या उजव्याने मार्सियानो खाली गेला, रेफ्रीच्या मोजणीत उठला तो दोनला की चारला यावर अजून मतं वेगळी आहेत, आणि रेफ्रीने त्या वेळी घोळ घातला ही तक्रार मूरने शेवटपर्यंत सोडली नाही. नवव्या राऊंडला मूर नॉकआऊट. वर्षभराने रिकाम्या हेवीवेट टायटलसाठी फ्लॉइड पॅटरसनकडूनही पाचव्यात हरला.

त्याची सगळ्यात मोठी रात्र मात्र १० डिसेंबर १९५८, माँट्रियल. समोर कॅनडाचा कोळी यव्हाँ ड्युरेल. पहिल्याच राऊंडला मूर तीनदा खाली, पहिल्या वेळी नऊपर्यंत मोजून झालं तेव्हा कसाबसा उभा राहिला, पाचव्यात परत एकदा खाली. इथे दुसरा कुणी असता तर संपला असता. मूर दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून, मागून डोकावत, मार खांद्यावर आणि कोपरावर झेलत श्वास परत मिळवत राहिला, मग हळूहळू ड्युरेललाच पाडायला लागला आणि अकराव्यात संपवला.

टायटल त्याने रिंगमध्ये कधीच गमावलं नाही, संघटनांनी १९६० आणि १९६२ मध्ये काढून घेतलं. नोव्हेंबर १९६२ ला तरुण कॅशियस क्लेकडून, म्हणजे नंतरच्या मुहम्मद अलीकडून, चौथ्यात हरला, त्यामुळे मार्सियानो आणि अली दोघांशी लढलेला तो एकटाच. शेवटची लढत मार्च १९६३, फिनिक्स. पुढे हेवीवेट बॉक्सर जॉर्ज फोरमनच्या कोपऱ्यात मदतनीस म्हणून दिसला. ९ डिसेंबर १९९८ ला सॅन डिएगोत वारला, वाढदिवसाला चार दिवस बाकी होते, त्यामुळे मृत्यूसमयीचं वय कुठे ८१ लिहितात, कुठे ८४.