पाठ्यपुस्तकातली आकृती आणि ऐरोलीचा तिवर

मूळ पाणी शोषतं, खोड ते वर नेतं, पान अन्न तयार करतं. शाळेत बाण काढून, नावं देऊन ही आकृती आपण सगळ्यांनीच घोटली. ती इतकी सोपी दिसते, की तिच्यामागे किती शतकांचा घोळ आहे ते ध्यानातच येत नाही.

झाड मुळांनी माती खाऊन वाढतं, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची. सतराव्या शतकात यान फान हेल्मोंट या संशोधकाने 200 पौंड कोरडी माती कुंडीत भरली, 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि 5 वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड भरलं 169 पौंड. माती घटली ती जेमतेम 2 औंस! झाड पाण्याचंच बनतं, असं त्याने ठरवून टाकलं. चुकला, पण झाडाला तराजूत घालायचं त्याला सुचलं, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

हवेचा नि उन्हाचा हिशेब पुढे लागत गेला. 1779 मध्ये यान इंगेनहौझने दाखवलं, की पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात प्राणवायूचे बुडबुडे धरतात, अंधारात थांबतात, आणि हे फक्त हिरव्या भागांना जमतं. पानाला त्याचं काम मिळालं ते असं.

आता हीच आकृती घेऊन ओहोटीच्या वेळी ऐरोलीला ठाणे खाडीच्या काठी जा. तिवर या खारफुटीच्या झाडाच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं वर आलेली दिसतील. मुळं आणि वर! चिखलात प्राणवायू जवळपास नसतोच, म्हणून ती श्वासासाठी बाहेर येतात. सालीवर त्यासाठी बारीक छिद्रं असतात. बरंचसं मीठ मुळं खालीच गाळतात, उरलेलं पानं बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत पानावरून बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं.

1955 मध्ये शोलँडर हा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कांदळ या दुसऱ्या खारफुटीच्या मुळांवरची छिद्रं ग्रीसने बुजवली, तर चिखलातल्या मुळांमधला प्राणवायू झपाट्याने उतरला. तिवराचीही गंमत त्यांनी टिपली: भरतीत छिद्रं बुडाली की आतला प्राणवायू खर्च होतो, दाब कमी होतो, पाणी हटलं की बाहेरची हवा आपसूक आत ओढली जाते. ठाणे खाडीत हे दिवसातून दोनदा चालतं.