पार्श्वभूमी : जगाचं उत्तर टोक असलेलं बेट नेमकं कोणतं?

ग्रीनलंडच्या उत्तर किनाऱ्यासमोरचं एक खडकाळ बेट १९०० साली एका अमेरिकी मोहिमेला लांबून दिसलं. १९२१ मध्ये एक डॅनिश भूशास्त्रज्ञ त्यावर उतरला आणि कोपनहेगन विद्यापीठाच्या खनिज संग्रहालयातल्या कॉफी मंडळाचं नाव त्याने बेटाला देऊन टाकलं : काफेक्लुबेन. १९६९ च्या मोजणीत ते ग्रीनलंडच्या मुख्य भूमीचं उत्तर टोक असलेल्या केप मॉरिस जेसपच्याही सुमारे ७५० मीटर उत्तरेला निघालं.

खरा गुंता १९७८ पासूनचा. त्या जुलैत डॅनिश मोजणीपथकाला काफेक्लुबेनच्याही उत्तरेला, १,३६० मीटरवर, दगडगोट्यांचा एक ढीग दिसला. लांबी १५ मीटर, रुंदी ८, उंची मीटरभरही नाही. त्याला ऊडाक हे नाव मिळालं. १९०९ च्या उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत सोबत गेलेल्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, माणसाचं ते नाव.

'बेट' कशाला म्हणायचं, हे सागरी कायद्यात स्पष्ट आहे : निसर्गतः तयार झालेली, पाण्याने वेढलेली, भरतीतही पाण्यावर राहणारी जमीन. भरती आणि पाणी डोळ्यांना दिसतं. 'जमीन' मात्र पायाला खडी लागली एवढ्यावरच मान्य होत गेली. २००३ मध्ये सापडलेल्या चार मीटर उंच ढिगावर तर दगडफूल वाढलेलं होतं. आपण मसाल्यात घालतो तेही याच प्रकारचं. ते फार सावकाश वाढतं, म्हणजे ही जागा कायमची, असा तर्क झाला. तर्क चुकीचा नव्हता, अपुरा होता. खाली किती पाणी आहे हे आधी बघायला हवं होतं, नाव नंतर.

२०२१ मध्ये एक पथक ऊडाकवर नमुने घ्यायला म्हणून हेलिकॉप्टरने उतरलं. आपण ऊडाकपासून ७८० मीटर दूर, भलत्याच ढिगावर उभे होतो, हे त्यांना मागाहून कळलं. तो ढीग ६० मीटर लांब, ३० रुंद, गाळ आणि खडीचा. त्याला ग्रीनलंडच्या भाषेतलं 'केकेर्ताक अवानार्लेक', म्हणजे सर्वांत उत्तरेचं बेट, हे नाव सुचवलं गेलं.

पुढच्याच वर्षी अशा नोंदलेल्या जागांवर खोली मोजली गेली. तळ २६ ते ४७ मीटर खाली निघाला. खडक नव्हताच, जवळच्या हिमनद्यांमधून तुटून आलेले, वर माती-गोट्यांचा थर घेऊन रुतून बसलेले सपाट हिमनग होते ते.

उत्तरेच्या टोकाचा मान काफेक्लुबेनकडे परत गेला. कॉफी मंडळाच्या नावाखाली खडक आहे. इनुइट माणसाच्या नावाखाली बर्फ निघाला, याचं वाईट वाटतं.