वर्डमधले पान वेबवर नेताना

ठाण्यातल्या एखाद्या शाळेच्या शिक्षकांनी, गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसांनी किंवा वाचनालयाच्या कार्यकर्त्यांनी मराठीत वेबपान करायचे ठरवले, तर त्यांच्या हाताशी बहुधा एकच साधन असते: रोजची पत्रे, सूचना आणि इतिवृत्ते ज्यात टंकली जातात तो वर्ड प्रोसेसर. त्याच्या ‘सेव्ह ॲज’च्या यादीत वेबपानाचा पर्याय असतो आणि तो निवडल्यावर संगणकावर पान जसेच्या तसे उघडते. तेच पान मोबाइलवर उघडले की अक्षरे वाचता येत नाहीत इतकी बारीक होतात, तक्ता उजवीकडे पडद्याबाहेर जातो आणि स्तंभ विस्कटतात. यासाठी वर्ड टाकून देण्याचे कारण नाही. त्यात लिहिण्याची सवय मात्र बदलावी लागते.

वेबपान ही मूलतः साध्या मजकुराची फाइल असते. त्या मजकुरात कोनी कंसांतल्या खुणा, म्हणजे टॅग, पेरलेले असतात आणि ‘हे शीर्षक आहे’, ‘हा परिच्छेद आहे’, ‘ही यादी आहे’ एवढेच ते सांगतात. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. शीर्षक किती मोठे दिसावे, ओळ कुठे तुटावी, हे ब्राउझर समोरच्या पडद्याची रुंदी पाहून ठरवतो. वर्ड प्रोसेसरचा सगळा हिशेब याउलट कागदाचा असतो: २१० मिलिमीटर रुंदीचा ए-४ कागद, त्याचे समास आणि पॉइंटांत मोजलेली अक्षरे, ज्यातला एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग.

तरीही टॅग न टंकता वेबपान लिहिण्याची कल्पना उपरी नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या संशोधन संस्थेत नेक्स्ट संगणकावर जो पहिला ब्राउझर तयार केला, तो वाचण्याचे आणि लिहिण्याचे साधन एकाच वेळी होता. त्यात लेखक मजकूर निवडून त्याला ‘शीर्षक’ किंवा ‘यादी’ अशी शैली देत असे आणि टॅग आपोआप बसत. १९९३ मध्ये आलेल्या आणि वेब घरोघरी नेणाऱ्या मोझेक या ब्राउझरमध्ये पाने लिहिण्याची ही सोय नव्हती. लिहिणे आणि पाहणे यांची तेव्हा झालेली ताटातूट आजही पुरती मिटलेली नाही, असे मला वाटते.

समजा, कोणी ‘ठाण्यातील तलाव’ या विषयावर टिपण लिहिले आहे. शीर्षकाची ओळ निवडून ती ठळक केली आणि आकार १८ पॉइंट ठेवला, तर फाइलमध्ये ती साध्या परिच्छेदाच्या टॅगमध्येच जाते. सोबत ‘ठळक’ आणि ‘१८ पॉइंट’ अशा दोन सूचना चिकटतात. त्याच ओळीला वर्डमधली ‘हेडिंग १’ ही शैली दिली, तर तिच्यासाठी पहिल्या दर्जाच्या शीर्षकाचा टॅग पडतो. डोळ्यांना दोन्ही पाने सारखीच दिसतात, पण शोधयंत्राला पहिल्या पानात शीर्षक सापडत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे साधन, वापरणारी अंध व्यक्ती एक कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारत वाचते. तिच्या दृष्टीने ते पहिले पान म्हणजे वाट न ठेवलेला सलग मजकूर असतो.

तक्त्याचेही तसेच. मासुंदा तलाव कोपिनेश्वर मंदिराजवळ, कचराळी तलाव पाचपाखाडीत महापालिका मुख्यालयाजवळ आणि उपवन येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, ही माहिती अनेकजण स्पेसबार आणि टॅब दाबून दोन उभ्या स्तंभांत मांडतात. एचटीएमएलमध्ये सलग आलेल्या कितीही मोकळ्या जागा एकच धरल्या जातात आणि टॅबला तर जागाच नाही. म्हणून वर्ड तिथे न तुटणाऱ्या रिकाम्या अक्षरांची माळ भरतो. फॉन्ट किंवा रुंदी बदलली की ही माळ लांडी-लांब होते आणि ‘उपवन’समोर भलताच पत्ता येतो. खरा तक्ता घातला तर ओळी आणि रकाने शाबूत राहतात. फक्त त्याची रुंदी ठरावीक मापात न ठेवता टक्क्यांत ठेवावी. अक्षरे बारीक दिसण्याचे कारण वेगळे आहे. पानाची रुंदी पडद्याएवढी धरावी, असे मोबाइलला सांगणारी ‘व्ह्यूपोर्ट’ची ओळ वर्ड घालत नाही, त्यामुळे मोबाइल ते पान मोठ्या संगणकाच्या रुंदीचे समजून आक्रसून दाखवतो. ती एक ओळ हाताने घातली की अक्षरे वाचण्याजोगी होतात.

वर्डने तयार केलेली फाइल फुगलेली का असते, याला इतिहास आहे. १९९५ मध्ये वर्डसाठी ‘इंटरनेट असिस्टंट’ हे जोडसाधन आले, तेव्हा हेतू साधा होता. वर्ड २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने मोठी उडी घेतली: वेबपान म्हणून जतन केलेली फाइल पुन्हा वर्डमध्ये उघडली, तर काहीही हरवू नये. त्यासाठी कागदाचे समास, न वापरलेल्या शैलींची नावे, लेखकाचे नाव, इतकेच काय, फाइलवर किती मिनिटे काम झाले हेसुद्धा त्या पानात लिहिले जाऊ लागले. वाचकाला यातले काही दिसत नाही. पण पानाचा स्रोत उघडून पाहणाऱ्याला सगळे दिसते, ही गोष्ट संस्थेचे पान करणाऱ्याने ध्यानात ठेवलेली बरी. एचटीएमएलच्या मानकांवर काम करणाऱ्या डेव्ह रॅगेट यांच्या ‘टायडी’ या सफाई करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वर्ड २०००च्या फाइलींसाठी खास पर्याय ठेवावा लागला. पुढे वर्डमध्येच ‘वेब पेज, फिल्टर्ड’ हा पर्याय आला. त्याने वर्डपुरत्या खुणा गळून पडतात, म्हणून प्रकाशनासाठी तोच निवडावा आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी.

मराठी मजकुराची अडचण याहून खोल आहे. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘ठाणे’ हा शब्द चार चिन्हांचा आहे: ठ, काना, ण आणि मात्रा. त्यांचे क्रमांक अनुक्रमे २३३६, २३६६, २३३९ आणि २३७५. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे हा शब्द बारा बाइटांत मावतो. पण वर्डमध्ये वेबपानाची संकेतपद्धती पश्चिम युरोपीय राहिली असेल, तर तिच्यात देवनागरीला स्थान नसल्यामुळे वर्ड प्रत्येक चिन्हाचा क्रमांकच लिहून काढतो: आधी दोन खुणा, मग चार अंक, शेवटी अर्धविराम. अशी सात अक्षरे एका चिन्हामागे धरली की ‘ठाणे’ अठ्ठावीस बाइटांचे होते. ब्राउझर ते बरोबर दाखवतो, पण पुढे स्रोतात एखादी चूक दुरुस्त करायची वेळ आली तर समोर नुसते आकडे दिसतात. उलट यूटीएफ-८मधली फाइल पश्चिम युरोपीय समजून उघडली गेली, तर ‘ठाणे’च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ चार वेळा आणि त्याभोवती चित्रविचित्र खुणा उमटतात. सेव्हच्या खिडकीत ‘टूल्स’मधल्या ‘वेब ऑप्शन्स’मध्ये जाऊन यूटीएफ-८ निवडले की दोन्ही प्रकार टळतात.

शिवाय वर्ड देवनागरीला रोमन लिपीपेक्षा वेगळ्या गटात धरतो आणि दोघांचे फॉन्ट स्वतंत्र ठेवतो. एका वाक्यात मराठी शब्द, रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक मिसळले, की ते वाक्य तुकड्या-तुकड्यांनी वेगवेगळ्या खुणांत गुंडाळले जाते. पूर्ण पानाची भाषा मात्र अनेकदा इंग्रजीच नोंदलेली राहते. ती बदलून मराठी करावी, म्हणजे स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर वेबवर नेण्याआधी रूपांतरित करावाच लागतो. त्या फाइलींत खरे तर रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात आणि फॉन्ट त्यांवर देवनागरी आकार चढवतो. वाचकाकडे तो फॉन्ट नसेल तर निव्वळ गिचमिड दिसते आणि शोधयंत्राला काहीच कळत नाही. रूपांतर झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांखालून घालावेत. जुन्या फॉन्टमध्ये ‘ठिकाण’मधली वेलांटी जशी दिसते तशी ‘ठ’च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘ठ’च्या नंतर येते, ‘सूर्य’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘य’नंतर असतो, तर युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त त्याच्या आधी. चुका नेमक्या इथेच राहतात.

वर्डऐवजी लिब्रेऑफिसच्या रायटरमधूनही वेबपान काढता येते. गूगल डॉक्समधून ते झिप फाइलीत उतरते. ‘पॅनडॉक’ हा मोफत प्रोग्रॅम वर्डच्या फाइलीतून फक्त रचना उचलतो आणि बाकी सजावट सोडून देतो, म्हणून मला तो सर्वांत पसंत आहे. मात्र हेडिंगच्या शैली वापरलेल्या नसतील, तर त्यालाही रचना सापडत नाही.

चित्रांबाबत एक व्यावहारिक काळजी घ्यावी लागते. वर्ड ती पानाच्या फाइलीत न ठेवता शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. नुसती पानाची फाइल पाठवली तर तलावांच्या छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. पुष्कळ सर्व्हर लहान आणि मोठ्या लिपीतली नावे वेगळी मानतात, त्यामुळे घरच्या संगणकावर दिसणारे चित्र तिथे दिसेनासे होऊ शकते. फाइलीचे नाव देवनागरीत ठेवले तर ते चालते, पण त्या पत्त्याची प्रत काढून दुसरीकडे चिकटवली की प्रत्येक चिन्हाची बहुधा नऊ अक्षरे होतात आणि एकट्या ‘ठाणे’ची छत्तीस. म्हणून पानात मराठी मोकळेपणाने लिहावे, फाइलीचे नाव मात्र छोटे, रोमन लहान अक्षरांत आणि मोकळ्या जागेविना ठेवावे.