नृसिंहवाडी
नृसिंहवाडी : दत्त संप्रदायाचे महाराष्ट्रातील एक प्रमुख क्षेत्र. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात, कृष्णा व पंचगंगा या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. बोलण्यात ‘नरसोबाची वाडी’ किंवा नुसते ‘वाडी’. गाव दोन नद्यांच्या बेचक्यात असून कृष्णेच्या पलीकडे औरवाड, तर पंचगंगेपलीकडे कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे गाव आहे. मिरज, सांगली, जयसिंगपूर व कोल्हापूर येथून एसटीची वाहतूक आहे.

वाडीचे माहात्म्य दत्ताचे अवतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती (‘श्रीगुरू’) यांच्या वास्तव्यामुळे आहे. औदुंबर (सांगली जिल्हा) येथील चातुर्मास आटोपून ते येथे आले, बारा वर्षे राहिले व पुढे गाणगापुरास गेले, अशी संगती त्यांच्या चरित्रग्रंथात, गुरुचरित्रात, आढळते. मात्र त्या ग्रंथात क्षेत्राचा उल्लेख ‘अमरापूर’ असा येतो. अमरापूर म्हणजे पूर्वतीरावरील आजचे औरवाड, आणि तेथील अमरेश्वराचे देऊळ हीच त्याची मुख्य खूण. वाडीची वस्ती पश्चिमतीरावर श्रीगुरूंच्या पादुकांच्या आश्रयाने नंतर वाढली असावी. घेवड्याचा वेल उपटून दरिद्री ब्राह्मणास धनाचा कुंभ दिल्याची, चौसष्ट योगिनींची व गंगानुज शेतकऱ्याची कथा याच परिसरात घडते. शिरोळच्या स्त्रीचे मृत मूल उठल्याची कथाही येथील औदुंबराच्या झाडाशी जोडलेली आहे.

कालनिर्णय : वास्तव्याचा काळ प्रायः इ. स. १४२२–३४ असा दिला जातो. हा काळ कोणत्याही लेखातून थेट मिळत नाही. तो श्रीगुरूंच्या निजानंदगमनापासून, म्हणजे अखेरच्या प्रयाणापासून, मागे मोजून काढलेला आहे. गुरुचरित्रात त्या प्रसंगी बहुधान्य संवत्सर, माघ वद्य प्रतिपदा व शुक्रवार असा तपशील आहे. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे असल्याने बहुधान्य संवत्सर शके १३२०, १३८० व १४४० या तिन्ही वर्षी येते. श्रीगुरूंचा जन्म शके १३०० च्या सुमारास धरल्यास पहिले वर्ष फार लवकरचे व तिसरे फार उशिराचे ठरते, म्हणून शके १३८० बहुतेकांना मान्य आहे. त्यातून गाणगापूरची परंपरेने मानलेली सुमारे चोवीस वर्षे व वाडीची बारा वर्षे वजा केली की शके १३४४–५६ हा काळ हाती येतो. आधार असलेली जन्माची नोंदही परंपरेचीच असल्याने ही सारी वर्षे अंदाजाने घ्यावीत. आणखी एक बारकावा असा की अनेक पुस्तकांत निजानंदगमनाचे वर्ष इ. स. १४५८ छापलेले असते. माघ हा शकवर्षाच्या अखेरीचा महिना असल्यामुळे शके १३८० चा माघ इ. स. १४५९ च्या आरंभी पडतो, तेव्हा १४५९ हेच वर्ष अधिक सयुक्तिक होय. गुरुचरित्राची रचना घटनांनंतर बहुधा सुमारे शंभर वर्षांनी झाली, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पंचगंगेची गणना : गुरुचरित्रात शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी व सरस्वती अशी पाच नावे येतात. आज कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती हे प्रत्यक्ष प्रवाह सांगून पाचवी सरस्वती गुप्त मानतात. शिवा व भद्रा म्हणजे अनुक्रमे कासारी व तुळशी असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. पण पाच ही संख्या आधी व नावे नंतर, असा क्रम अशा गणनांत पुष्कळदा दिसतो. येथेही तसेच घडले असण्याचा संभव अधिक वाटतो.

मंदिर व पूर : देवस्थानात मूर्ती मुख्य नाही. औदुंबरातळीच्या ‘मनोहर पादुका’ हेच पूजास्थान आहे. मंदिर घाटावर, नदीच्या अगदी लगत आहे व त्याला शिखर नाही. याचे कारण म्हणून विजापूरच्या आदिलशहाने मुलीची दृष्टी परत आल्यावर ते बांधून दिले व औरवाड-गौरवाड ही गावे इनाम दिली, असे सांगतात. शहा कोणता, याविषयी कथेत एकवाक्यता नाही. कथा ग्राह्य धरली तरी आदिलशाहीची स्थापना १४९० ची असल्यामुळे वास्तू श्रीगुरूंच्या काळानंतरचीच ठरते. शिखराचा अभाव मात्र दरसाल पाण्याखाली जाणाऱ्या जागेशी अधिक सुसंगत आहे.

पावसाळ्यात कृष्णेचे पाणी मंदिरात शिरते. ते पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील दारातून बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार’ झाले म्हणतात. त्या प्रवाहात स्नानासाठी भाविकांची गर्दी होते. पाणी चढताना एकदा व ओसरताना एकदा, म्हणजे चढता व उतरता दक्षिणद्वार, अशी ही पर्वणी असते. पाणी आणखी वाढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात व नित्यक्रम तेथे चालतो. पंचांगात नोंद नसलेली ही पर्वणी पूर्वी केवळ पावसावर अवलंबून होती. आता कोयना, राधानगरी इ. धरणांच्या विसर्गावरही ती ठरते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत मात्र पाणी गावातच शिरले, तेव्हा पर्वणीचा प्रश्नच उरला नाही.

नित्यक्रम व उत्सव : पहाटे काकड आरती, नंतर अभिषेक, दुपारी महापूजा, सायंकाळी धूपारती व रात्री पालखी आणि शेजारती. पालखीच्या प्रदक्षिणेत ठरलेली पदे म्हणतात. वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबेस्वामी (१८५४–१९१४) यांच्या करुणात्रिपदीला वाडीच्या भक्तिपरंपरेत विशेष स्थान आहे. आश्विन वद्य द्वादशी (गुरुद्वादशी) श्रीगुरू येथून निघाल्याचा दिवस मानतात. मार्गशीर्ष पौर्णिमेस दत्तजयंती व माघ वद्य प्रतिपदेस गुरुप्रतिपदा. गुरू कन्या राशीत असता बारा वर्षांनी कृष्णेचे कन्यागत महापर्व येते. यापूर्वीचे २०१६ मध्ये झाले.

पूजेचा अधिकार भैरंभट जेरे यांच्या वंशजांकडे परंपरेने असून ते ‘पुजारी’ म्हणून ओळखले जातात. यात्रेकरूंची उतरण्याची सोय व अनुष्ठानाची व्यवस्था पूर्वी याच घरांतून होई. आता दत्त देव संस्थानाची भक्तनिवासे आहेत. पेढे, बासुंदी व कवठाची बर्फी ही येथील बाजारातील ठळक जिन्नस. संगमाच्या पाण्याच्या स्थितीविषयी वेगळे लिहावे लागते, कारण कोल्हापूर शहराचे सांडपाणी व इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगातील रंगीत पाणी पंचगंगेत मिसळते, आणि संगमावर येणाऱ्या दोन प्रवाहांपैकी पंचगंगाच अधिक दूषित असते.