अमेरिकेतील मेडिकल असिस्टंट अभ्यासक्रम : एक्स्टर्नशिपची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेत मेडिकल असिस्टंट म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णाचा रक्तदाब, नाडी व तापमान नोंदवणारा, ईसीजी काढणारा, डॉक्टरांच्या आदेशाने इंजेक्शन देणारा, आणि त्याच दिवशी भेटीच्या वेळा ठरवण्यापासून विम्याची खातरजमा करण्यापर्यंतची कार्यालयीन कामेही सांभाळणारा सहायक. नोकरीसाठी किंवा कुटुंबासोबत तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसांपैकी ज्यांना आरोग्यक्षेत्रात कमी कालावधीत प्रवेश करायचा आहे, त्यांच्यासाठी कम्युनिटी कॉलेजातील, म्हणजे तिकडच्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातील, हा अभ्यासक्रम सोयीचा ठरतो. त्याच्या अखेरीस दवाखान्यात प्रत्यक्ष काम करून शिकण्याचा जो टप्पा असतो, त्याला एक्स्टर्नशिप किंवा प्रॅक्टिकम म्हणतात. वर्गातील विषय उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊनही अनेकांचा हा टप्पा लांबतो, आणि त्याचे कारण बहुधा अभ्यासात नसून लसीकरणाच्या नोंदींत असते.

सीएएएचईपी आणि एबीएचईएस या दोन संस्था या अभ्यासक्रमांना मान्यता देतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात किमान १६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण अनिवार्य असते. पूर्णवेळ हजेरी लावल्यास ते चार आठवड्यांत, आणि आठवड्याला वीस तास दिल्यास आठ आठवड्यांत पूर्ण होते. या कामाचे वेतन सहसा मिळत नाही. भारतातील बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवी असली, तरी तिच्या आधारे हे तास आपोआप माफ होतील असे गृहीत धरू नये.

पात्रतेची पहिली अट म्हणजे ठरलेले विषय कॉलेजने घालून दिलेल्या किमान श्रेणीत पूर्ण करणे आणि सुई टोचणे, रक्त काढणे, निर्जंतुकीकरण यांसारखी कौशल्ये प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर करून दाखवणे. मूळ प्रवेशासाठी बारावीची गुणपत्रिका लागते आणि कॉलेजने मागितल्यास मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचे समकक्षता मूल्यमापन करून घ्यावे लागते. येथे विवाहित स्त्रियांची विशेष अडचण होते, कारण गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव असते, तर पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, आणि नाव राजपत्राद्वारे बदलले असल्यास त्या राजपत्राची प्रत, सुरुवातीलाच सादर करावी. पार्श्वभूमी तपासणी, लसीकरणाच्या नोंदी व अभ्यासक्रमानंतरच्या प्रमाणपत्र परीक्षेचा अर्ज या सर्वांवर पासपोर्टप्रमाणे एकच नाव राहील, याकडेही लक्ष द्यावे.

आता लसीकरण. कॉलेज आणि दवाखाना दोघेही सामान्यतः गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, कावीळ-ब, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला आणि हंगामी फ्लू यांच्या लसींचा लेखी पुरावा मागतात. आपल्याकडील लहानपणीचे लसीकरण कार्ड सापडले, तरी ते अपुरे ठरण्याची शक्यता मोठी असते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात पूर्वी गोवर-गालगुंड-रुबेलापैकी फक्त गोवराची लस होती, रुबेलाचा समावेश २०१७ पासून टप्प्याटप्प्याने झाला, कावीळ-ब ची लस देशभर २०११ च्या सुमारास पोहोचली आणि कांजिण्यांची लस त्या कार्यक्रमात नव्हतीच. त्यामुळे आज पंचविशी-तिशीत असलेल्या बहुतेक अर्जदारांपुढे दोनच मार्ग राहतात : रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी, जिला तिकडे टायटर म्हणतात, करून रोगप्रतिकारक्षमता सिद्ध करणे, किंवा लसी नव्याने घेणे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर टायटर बहुधा सकारात्मक येते आणि दोन मात्रा वाचतात. केवळ ‘मला कांजिण्या झाल्या होत्या’ या सांगण्यावर मात्र अनेक ठिकाणी काम भागत नाही.

सर्वाधिक वेळ कावीळ-ब खाते. तिच्या नेहमीच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी दिल्या जातात आणि त्यानंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर करून दर मिलिलिटरला किमान १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकके इतकी पातळी दिसावी लागते. म्हणजे अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात जागा झालेला विद्यार्थी वेळेत पोहोचूच शकत नाही. एका महिन्याच्या अंतराने दोनच मात्रांत पूर्ण होणारी लसही उपलब्ध आहे. ती आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. गोवर-गालगुंड-रुबेला व कांजिण्या या जिवंत विषाणूंच्या लसी असल्याने त्या गरोदरपणात देत नाहीत, याचाही विचार आधी करावा.

क्षयरोगाच्या तपासणीत भारतीयांचा गोंधळ ठरलेला. जन्मानंतर बीसीजी टोचलेली असल्यामुळे कोपराखाली हाताच्या आतील बाजूस केल्या जाणाऱ्या त्वचाचाचणीत सूज येऊन निकाल खोटा सकारात्मक निघू शकतो आणि मग छातीचा एक्स-रे, खुलासापत्रे असा खटाटोप मागे लागतो. बीसीजीचा परिणाम न होणारी इग्रा ही रक्तचाचणी कॉलेजला चालत असेल, तर सुरुवातीपासून तीच मागावी. जिवंत विषाणूंची लस घेतली असल्यास ही तपासणी त्याच दिवशी करावी, अन्यथा किमान चार आठवडे थांबावे.

उर्वरित कागदपत्रे तुलनेने सोपी आहेत. बेसिक लाइफ सपोर्टचे, म्हणजे हृदय किंवा श्वास बंद पडल्यास करायच्या प्राथमिक उपायांचे, प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते आणि ते पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव करून मिळवलेले असावे लागते. केवळ ऑनलाइन मिळालेले प्रमाणपत्र सहसा नाकारले जाते. याखेरीज शारीरिक तपासणीचा अर्ज, आरोग्य विम्याचा पुरावा, रुग्णाच्या गोपनीयतेविषयीच्या हिपा कायद्याचे आणि रक्तजन्य संसर्गापासून बचावाचे प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि लघवीतील अमली पदार्थांची चाचणी अपेक्षित असते. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी चाचणीत तो आढळल्यास संधी जाऊ शकते, कारण संघराज्याच्या कायद्यात त्यावर बंदी आहे.

व्हिसाची बाब स्वतंत्रपणे तपासावी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याने एक्स्टर्नशिप सुरू करण्यापूर्वी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याकडून सीपीटी ही अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाची परवानगी घेऊन ती आय-२० या कॉलेजने दिलेल्या पात्रतापत्रावर नोंदवून घ्यावी. तिच्यासाठी साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिक्षण झालेले असावे लागते. एच-४ या, एच-१बी सारख्या व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर शिक्षण घेता येते, परंतु नोकरीसाठी रोजगार परवाना लागतो. बिनपगारी प्रशिक्षणही कोणत्या सदरात मोडते, याचे उत्तर कॉलेज आणि स्थलांतर-वकील यांच्याकडून लेखी घ्यावे, मैत्रिणीच्या अनुभवावर विसंबू नये.

दवाखान्याची निवड सहसा विद्यार्थ्याच्या हाती नसते, तो कॉलेजच नेमून देते, कारण दोघांत आधी करार झालेला असावा लागतो. ओळखीच्या भारतीय डॉक्टरांच्या दवाखान्यात जाण्याची इच्छा असल्यास कॉलेजच्या एक्स्टर्नशिप समन्वयकाला काही महिने आधी कळवावे. नातेवाइकाच्या दवाखान्याला मात्र अनेक कॉलेजे नकार देतात. नेमलेल्या दवाखान्यात पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम करावे लागते आणि विद्यार्थ्याला पगारी कर्मचाऱ्याच्या जागी राबवून घेता येत नाही. निदान सांगणे, दूरध्वनीवर लक्षणे ऐकून सल्ला देणे ही कामे मेडिकल असिस्टंटच्या कक्षेत येत नाहीत, मग रुग्ण मराठीतून कितीही आपुलकीने विचारो.

राज्याराज्यांतील नियम वेगवेगळे आहेत. वॉशिंग्टनमध्ये मेडिकल असिस्टंटला राज्याच्या आरोग्य विभागाकडून परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात परवाना लागत नाही, पण वय किमान १८ वर्षे असावे लागते. इंजेक्शन देण्यासाठी १० तासांचे प्रशिक्षण आणि स्नायूत, त्वचेखाली व त्वचेत अशी प्रत्येकी किमान १० इंजेक्शने यशस्वीपणे दिल्याची नोंद, तर रक्त काढण्यासाठी वेगळे १० तास आणि शिरेतून व बोटातून रक्त घेण्याचे प्रत्येकी १० प्रयत्न, असा तेथील नियम आहे. म्हणून रोजच्या तासांच्या वहीत तारीख, प्रक्रियेचे नाव व संख्या लिहून पर्यवेक्षकाची सही त्याच दिवशी घ्यावी. प्रशिक्षण संपल्यावर पर्यवेक्षक दुसरीकडे गेले तर ही सही मिळवणे कठीण होते. पूर्ण झालेली वही, पर्यवेक्षकाचे मूल्यमापन आणि स्वतःचा अभिप्राय कॉलेजकडे जमा करण्यापूर्वी प्रत्येक पानाची छायाप्रत स्वतःकडे ठेवावी, कारण पुढे नोकरी देणारा दवाखाना यातील इंजेक्शनांच्या नोंदी पुन्हा मागू शकतो.