गुडघ्याचा एक्स-रे झोपून काढलाय की उभं राहून?

आईचे गुडघे दोन वर्षं दुखतायत, जिना उतरताना जास्तच, आणि मांडी घालून बसणं तर केव्हाच बंद झालंय. पहिला एक्स-रे काढला तेव्हा तिला टेबलावर झोपवलं होतं, रिपोर्ट आला "फारसं काही नाही". आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरांनी उभं राहून काढायला लावला तर आतल्या बाजूची फट जवळजवळ बुजलेली! आठवड्यात गुडघा एवढा झिजत नाही हो, फोटो काढायची पद्धत बदलली एवढंच.

मुळात एक्स-रेत गादी, म्हणजे कुर्चा, दिसतच नाही. हाडं दिसतात आणि मधल्या फटीवरून गादी किती उरलीय त्याचा अंदाज बांधतात. झोपल्यावर गुडघ्यावर वजन नसतं म्हणून फट मोकळी वाटते, उभं राहिलं की हाडं खरंच किती जवळ आलीत ते कळतं. गुडघा थोडा वाकवून उभ्याने काढला तर अजून चांगलं, कारण बऱ्याच जणांची गादी मागच्या भागात आधी झिजते. त्यामुळे चिठ्ठीवर 'स्टँडिंग' लिहिलंय का ते आधीच बघा. रिपोर्टमधली झिजेची ग्रेड ० ते ४ असते, केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडलेली, आणि ती फटीसोबत हाड किती वाढलंय तेही बघते.

मग थेट एमआरआयच का नको, असं घरोघरी विचारतात. एमआरआयमध्ये गादी, मेनिस्कस (दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी चकती), लिगामेंट (हाडांना जोडणारे पट्टे), हाडाच्या आतली सूज, सगळं दिसतं, पण अडचण अशी की जरा जास्तच दिसतं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला पन्नाशीपुढच्या ७१० लोकांचे एमआरआय काढले, सगळ्यांचे एक्स-रे संधिवाताच्या दृष्टीने स्वच्छ होते, तरी ८९ टक्के लोकांत काही ना काही सापडलं, आणि ज्यांचे गुडघे दुखत नव्हते त्यांच्यातही प्रमाण जवळपास तेवढंच! म्हणजे रिपोर्टमध्ये 'टिअर', म्हणजे फाटलंय, असं लिहिलंय म्हणून दुखणं त्यामुळेच आहे असं नसतं, आणि या एका शब्दाने माणसं उगाच ऑपरेशनच्या धास्तीत जगतात याचं मला फार वाईट वाटतं. हां, गुडघा मध्येच अडकत असेल, दुखणं एकदम वाढलं असेल किंवा एक्स-रे आणि त्रास जुळतच नसेल तर एमआरआय हवाच.

सोनोग्राफी त्यामानाने स्वस्त, रेडिएशन नाही. साठलेलं पाणी, अस्तराची सूज, गुडघ्यामागची गाठ छान दिसते, पण ध्वनिलहरी हाडाच्या पलीकडे जात नाहीत म्हणून खोलवरची गादी राहूनच जाते, आणि बघणाऱ्याचा हात किती तयार आहे त्यावर बरंच अवलंबून असतं.

ब्रिटनमधल्या नाइस (NICE) या उपचारांचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या गाइडलाइन्स तर सांगतात की वय ४५ किंवा जास्त, हालचालीने दुखतंय आणि सकाळचा ताठरपणा नाही किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नाही, तर निदानाला सहसा फोटोची गरजच नाही. आईचं अगदी हेच होतं. तिचा एमआरआय काढलाच नाही, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालू केलेत, आणि परवा जिना कठड्याला न धरता उतरली.